खोगीरटेकडीच्या पलीकडे

सिलिंग
१२ एप्रिल १९९८

आचे दुकार,

धाकट्या भावाचा नमस्कार. तू, दाजी आणि कळप हिवाळ्यातून सुखरूप बाहेर पडला असाल अशी आशा करतो. बसवाल्याबरोबर पाठवलेलं लोणी मिळालं. तीन दिवस आमच्या जिन्यात त्याचा वास होता. यांगचेन नाक मुरडून म्हणाली, "तुमच्या अम्दोच्या लोण्याला याकाचा वास येतो." मी म्हटलं, "मग काय ल्हासाच्या लोण्याला गुलाबाचा येतो?" दोन दिवस बोलली नाही, पण चहात मात्र तेच लोणी घालून प्याली. बायको ल्हासाची केली की हे असंच चालायचं.

यंदा मी पुस्तक लिहायला घेतलंय. आपली बोली मुळात आली कुठून, हा त्याचा विषय. ल्हासाचे पंडित म्हणतात शुद्ध भाषा त्यांची, खामचे म्हणतात त्यांची, आणि आपल्याला दोघंही मिळून गुराखी म्हणतात. पण गंमत अशी की ल्हासाचे लोक जी अक्षरं नुसती लिहितात आणि बोलताना गिळून टाकतात, ती आपले गुराखी स्वच्छ उच्चारतात. लिहिता मात्र त्यांना येत नाहीत! हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे उच्चार तुमच्या तोंडात अजून जिवंत आहेत, आणि सगळ्यात जुने आहेत ते गाण्यांत. बोलताना माणूस आळस करतो, गाताना चालीमुळे करता येत नाही. आईला दूध काढतानाची आणि लग्नातल्या सवाल-जवाबांची गाणी येत होती. त्यातली तुला किती आठवतात ते कळव.

तुझा,
लुबुम

अखु लोद्रो यांस,
आपली ओळख नाही, पण आचेची पत्रं आपणच वाचता आणि तिची उत्तरंही आपल्याच हातची असतात, म्हणून धीर करून लिहितो. एवढा मजकूर कृपा करून माझ्या बहिणीला वाचून दाखवू नये. मला ती दुसरी गाणीही हवी आहेत. ज्यांचं नावसुद्धा बहीण-भावांनी एकमेकांसमोर काढायचं नसतं, ती. प्रेमाची. भिक्षूला असलं विचारणं बरं नव्हे हे कळतं, पण बहिणीला विचारणं त्याहून वाईट. गोलोक भागातला एक म्हातारा घोडेव्यापारी मला म्हणाला की थांगनाकला खोगीरटेकडीच्या पलीकडे एक बाई गात असे, तिच्यासारखे जुने शब्द त्याने उभ्या पठारावर ऐकले नाहीत. मी नाव विचारलं. त्याने आधी "तू कुणाचा?" म्हणून विचारलं, आणि सांगितल्यावर एकदम घोड्यांच्या दातांवर बोलायला लागला. त्या बाईचा पत्ता लागेल का?

*

थांगनाक
वाघाचं वर्ष, चौथा महिना

लुबुम,

अखु म्हणतात पत्राची सुरुवात मानाने करावी. मान कसला डोंबलाचा, तुझं नाक मी माझ्या बाहीने पुसलंय.

कळप ठीक आहे. दोन म्हाताऱ्या याकी गेल्या, सात वासरं झाली. दाजी तसेच, बोलत नाहीत, खातात भरपूर.

बोली कुठून आली हे शोधायला कॉलेज लागतं होय रे? लग्नात आई दारातल्या वऱ्हाडाला सवाल टाकायची, आठवतं? पहिला शब्द कुणी उच्चारला, आणि कुणासाठी? वऱ्हाडी आपली उत्तरं देत बसायचे. कुणी म्हणे देवाने, कुणी म्हणे आपल्या मूळ पुरुषाने, त्या माकडाने, कुणी म्हणे राजाच्या प्रधानाने. आई सगळ्यांना बाद करून चांगची दारू प्यायला लावायची आणि मग स्वतः उत्तर गायची. जवळच्या माणसाला शब्द कशाला लागतात, तो तोंड बघून ओळखतो. पहिला शब्द निघाला तो लांब गेलेल्यासाठी. हाक होती ती. हे घाल तुझ्या पुस्तकात. आईचं नाव मात्र घालू नकोस, गेलेल्याचं नाव घेतलं की त्याचा पाय अडतो.

आता माझी हाक ऐक. सहाव्या महिन्यात घोड्यांची शर्यत आहे, ये. अठरा वर्षं झाली तुला जाऊन. आई गेली तेव्हा आलास तो दीड दिवस थांबलास, तोही बूट न काढता. सिलिंगहून बस दुसऱ्या दिवशी इथे पोचते. ल्हासाच्या बाईलाही आण, तिला याकाचा वास म्हणजे काय तो एकदाचा दाखवते.

माझ्या घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. त्साम्पाचं कोरडं पीठ असेल. तू येऊन चहा कर, म्हणजे जाईल.

तुझी आचे

मा. लुबुम ग्याल यांस,
खासगी मजकूर वाचून दाखवला नाही. चौकशी केली. आम्हा भिक्षूंना खोटं वर्ज्य आहे, म्हणून जपून लिहितो: ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी "माहीत नाही" असं सांगितलं.
— लोद्रो

*

सिलिंग
२० जून १९९८

आचे,

आईचं उत्तर मी तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच घातलंय. यांगचेनलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे आमच्याकडे का नाही कुणाला सुचलं?" तिच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

शर्यतीला मी येणार नाही. दर वर्षी तू बोलावतेस आणि मी दर वर्षी परीक्षांची सबब सांगतो. या वेळी खरं काय ते सांगतो.

तालुक्याच्या शाळेतून मी उन्हाळ्यात घरी यायचो, आठवतं ना. शाळेचा निळा कोट, खिशाला पेन. माझ्या वयाची पोरं संध्याकाळ झाली की खोगीरटेकडीच्या पलीकडे जमायची. हसणं-खिदळणं टेकडीच्या अलीकडे ऐकू यायचं. मी वर चढायचो. ज्या क्षणी माझं डोकं टेकडीच्या वर दिसे, त्या क्षणी कुणीतरी खोकायचं आणि सगळं शांत. सगळं म्हणजे सगळं, आचे. वीस-पंचवीस जण गवताकडे बघत बसायचे. मी खाली बसलो की एकेक जण उठून घोड्याकडे जायचा. एकदा नाही, तीन उन्हाळे. शेवटच्या उन्हाळ्यात तर मी मुद्दाम जुना मेंढीच्या कातड्याचा अंगरखा घालून गेलो, तोंडाला काजळी लागलेली, म्हटलं आता तरी आपला म्हणतील. तोच तो खोकला. तशीच ती शांतता.

काय चुकलं होतं माझं? मी शिकलो एवढंच ना? त्या शांततेपेक्षा त्यांनी मला चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आई गेली तेव्हाही तंबूत बसलेली माणसं कसलं तरी हसून बोलत होती, मी आत आलो आणि गप्प झाली. म्हणून बूट काढले नाहीत.

ल्हासाला सभेत मी बोलायला उभा राहतो तेव्हा मागच्या रांगेत माझ्या उच्चारांवर हसतात. ते चालतं, हसणाऱ्याला उत्तर देता येतं. गप्प बसणाऱ्याला काय देणार? ज्या लोकांची बोली सगळ्यात जुनी म्हणून मी जगाशी भांडतोय, त्यांनी माझ्याशी कधी एक शब्द उच्चारला नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. याच बसने टेपरेकॉर्डर, दोन कॅसेटी आणि सेल पाठवतोय. लाल बटण दाबून बोलायचं, इतकंच. गाणी मला पाठव, मी इथेच बरा आहे.

लुबुम

*

थांगनाक
वाघाचं वर्ष, सहावा महिना

लुबुम,

तुझं पत्र अखुंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला सांगितलं.

बावळ्या, अठरा वर्षं हे पोटात ठेवून बसलास? आईजवळ तरी बोलायचं होतंस. माझ्याजवळ बोलायचं होतंस. शेजारच्या कुत्र्याजवळ बोलला असतास तरी त्याने मला येऊन सांगितलं असतं.

ते तुझा राग करत नव्हते. तू शिकलास म्हणून नाही, कोटामुळे नाही, पेनामुळे नाही. मला ठाऊक आहे. कसं ठाऊक आहे ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. मी कधी तुला खोटं सांगितलंय? एकदा सांगितलं, तुझं पाळलेलं कोकरू लांडग्याने नेलं म्हणून. ते आपणच खाल्लं होतं. बाकी कधी नाही.

उलट त्यांनी तुझा मान ठेवला असं समज. आता याहून एक शब्द जास्त बोलले तर मला नदीत उडी घ्यावी लागेल, आणि नदी गार आहे.

कॅसेट भरली आहे. दूध काढतानाची दोन गाणी आणि लोणी घुसळण्याचं एक. मध्ये दाजी शिंकलेत ते काढून टाक. घसा बसलाय, त्यामुळे आवाज कुत्र्याने हाड चावल्यासारखा येतो. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं, गोळ्या दिल्यात.

ये रे. शर्यत झाली तर झाली, त्याने काय होतं.

आचे

मा. लुबुम ग्याल यांस,
हे पत्र सांगताना त्यांनी तीन वेळा मला थांबवलं आणि दोन वेळा पहिल्यापासून लिहायला लावलं. पहिल्या दोन मजकुरांची राख चुलीत आहे. याउपर मला बोलण्याची परवानगी नाही.
— लोद्रो

*

सिलिंग
३ ऑक्टोबर १९९८

आचे,

कॅसेट मिळाली. अप्रतिम आहे. गाण्याबद्दल नव्हे, उच्चारांबद्दल म्हणतोय. दुधाच्या गाण्यात तू याकीला आठ नावांनी हाका मारतेस, त्यातली तीन मी फक्त जुन्या पोथ्यांत पाहिली होती. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. दाजींची शिंक ठेवली आहे, यांगचेनला ती फार आवडते.

आवाज मात्र खरंच बसलाय. अर्थात तुझा आवाज गाण्याचा कधीच नव्हता, आईच म्हणायची ना, "आमच्या दुकारला देवाने हात दिले, गळा द्यायचा राहिला." तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, मला शब्द हवेत, सूर नकोत.

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. तू गावाची बाजू घेणार हे मला माहीत होतं. तुला तिथे राहायचंय, त्यांच्यासोबत कुरण वाटून घ्यायचंय. पण "कसं ठाऊक ते विचारू नकोस" म्हणजे काय? गप्प बसणाऱ्यांच्या यादीत आता तूही? मान ठेवण्याची ही कुठली तऱ्हा, की माणूस आला की तोंडं शिवायची? राग येतो मला. रागाने लिहितोय, पण पत्र फाडत नाही, कारण फाडलं तर पुन्हा परीक्षांची सबब लिहीन.

पुस्तक वसंतात छापायला जाईल. तोवर मान वर करायला वेळ नाही.

लुबुम

अखु, त्या बाईबद्दल अजून काही कळलं? तिच्याशिवाय पुस्तकाला पाय नाहीत. हे अर्थातच आचेला वाचून दाखवू नये.

*

थांगनाक
वाघाचं वर्ष, नववा महिना

लुबुम,

माझ्या गळ्याबद्दल तू लिहिलंस ते वाचताना अखुंच्या नाकातून चहा आला. सगळी पोथी भिजली. कशामुळे ते त्यांनाच विचार, सांगणार नाहीत.

आई असं म्हणायची खरी. तुझ्यासमोर म्हणायची.

राग आलाय तर रागावूनच ये. इथे येऊन माझ्यावर ओरड. मी गप्प बसणार नाही, तुला चांगली ओरडून उत्तर देईन, आवाज आहे तोवर. पुस्तक कुठे पळून जात नाही. त्यातली माणसं तर आधीच मेलेली आहेत. नदी अजून गोठली नाही, खिंड मोकळी आहे. सातू भाजून ठेवलाय, तुला आवडतो तसा जरा जास्त भाजलेला.

दुसरी कॅसेट भरतेय, जमेल तशी, थोडी थोडी. ती बसने पाठवणार नाही. तुला हवी असेल तर घ्यायला ये.

काही विचारू नकोस. नुसता ये.

आचे

बर्फापूर्वी या. हे त्यांचं म्हणणं नाही, माझं आहे.
— लोद्रो

*

सिलिंग
२८ नोव्हेंबर १९९८

आचे,

घाईत चार ओळी. छापखान्याने तारीख अलीकडे आणली आहे. लोसारच्या, नव्या वर्षाच्या सुट्टीतही काम आहे. उन्हाळ्यात येतो, या वेळी नक्की. बूटही काढीन. अखु लोद्रो बर्फापूर्वी या म्हणतात, पण इथे आजच खिडकीबाहेर बर्फ पडतोय. घशासाठी यांगचेनने औषध पाठवलंय, गरम पाण्यातून घे. सातू झाकून ठेव.

लुबुम

*

थांगनाक मठ
सशाचं वर्ष, पहिल्या महिन्याची वीस तारीख

मा. लुबुम ग्याल यांस,

हे पत्र माझंच आहे, कुणी सांगितलेलं नाही.

आपली बहीण लोसारनंतर सहाव्या दिवशी गेली. खिंड बंद होती आणि तारेचे खांब वाऱ्याने पडले होते. म्हणून हे आज पहिल्या बसने पाठवतो. आठव्या दिवशी पहाटे त्यांना डोंगरावर पोचवलं. गिधाडं लगेच उतरली, काही मागे राहिलं नाही, सगळ्यांना समाधान वाटलं. एकोणपन्नास दिवसांचे पाठ मी स्वतः करतो आहे. घशातलं ते पीठ नव्हतं. दवाखान्याने शरद ऋतूतच सांगितलं होतं. तुम्हाला कळवू नका अशी मला ताकीद होती. "आजारी आहे म्हणून आला, तर तो माझ्यासाठी येईल. मला तो घरी यायला हवाय," असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं. चुकलो की काय, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता दुसरं. हे सांगायला त्यांनी परवानगी दिली आहे. शेवटच्या आठवड्यात मला बोलावून म्हणाल्या, "मी गेल्यावर सांगा. मेलेल्या बहिणीची लाज वाटत नाही."

ज्या बाईची तुम्ही चौकशी करत होतात, ती तुमच्या तंबूत राहत होती.

खोगीरटेकडीच्या पलीकडे तीन उन्हाळे ती गात होती. तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. भिक्षूने अशा गाण्यांबद्दल लिहू नये, पण मी जन्मतः भिक्षू नव्हतो. माझं घरचं नाव गोनखो. नदीपलीकडच्या खारवट माळावरचा, पांढऱ्या कपाळाच्या घोड्याचा गोनखो. टेकडीवर तुमचं डोकं दिसलं की खोकायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझी नजर तीक्ष्ण होती.

दुसरं करणार काय होतो? गाणाऱ्या मुलीचा भाऊ वर येतोय. तिने त्याच्यासमोर तोंड उघडलं तर दोघांनाही जन्मभर मान वर करता आली नसती. आणि "तुझी बहीण गातेय, तू जा" असं भावाला तोंडावर कोण सांगणार? आमच्याकडे एवढ्यावरून सुरे निघालेत, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून आम्ही खोकायचो आणि गवताकडे बघत बसायचो, तुम्ही समजून निघून जाल म्हणून. प्रत्येक भाऊ आपोआप समजतो. तुम्ही बसून राहायचात! पोरं मला म्हणायची, "हा एवढा शिकलेला, याला खोकला कळत नाही का?" मग आम्हीच उठायचो. तुमच्या कोटाबद्दल कुणी काही बोललेलं मला आठवत नाही. पेनाबद्दल बोलायचे, सगळ्यांना ते हवं होतं.

आणि आईच्या वेळी तंबूत हसत होते ते तुमच्या बहिणीच्याच एका गाण्याची आठवण काढून. तुम्ही आत आलात.

तुम्ही वर आलात की ती लपून बसायची. दगडांच्या आडून तुम्हाला टेकडी उतरताना बघायची. एकदा म्हणाली, "तो असा एकटा खाली जातो ना, ते मला बघवत नाही." तुम्ही सिलिंगला गेलात त्या वर्षी सगळे म्हणाले, आता काय, आता मोकळं रान. ती पुन्हा कधी टेकडीपलीकडे गेली नाही.

मग आधी का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. म्हणाल्या, "त्याला कळलं की मला बघून त्याची मान खाली जाईल. आत्ता गावावर रुसलाय, मग माझ्यापासून तोंड लपवील. मग यायचा तोही यायचा नाही." तुमच्या जूनच्या पत्रानंतर त्यांनी दोनदा सगळं खरं सांगून लिहवलं आणि दोनदा चुलीत टाकलं.

कॅसेट माझ्याकडे आहे. पहिल्या बाजूला लग्नाचं सवाल-जवाबांचं गाणं आहे, ते तुमच्यासाठी. दुसऱ्या बाजूला ती गाणी आहेत. ती त्यांनी मी बाहेर उभा राहून पोथी मोठ्याने म्हणत असताना भरली, मला ऐकू येऊ नयेत म्हणून. सतरा आहेत असं म्हणाल्या. ते शब्द समजून लिहून काढील असा आता एकच माणूस आहे, आणि तेवढ्याच एका माणसाला ती बाजू ऐकण्याची मनाई आहे. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्ही या.

भाजलेला सातू झाकून ठेवला आहे.

लोद्रो, पूर्वीचा गोनखो

*

सिलिंग
२५ जुलै १९९९

अखु लोद्रो,

मी निघालो तेव्हा तुम्ही वर्षावासात होतात, तोंडी सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आधी हे की मी बूट काढले. सव्वीस दिवस घातलेच नाहीत. सातू खाल्ला. खवट झाला होता, मूठभरही उरला नाही. दाजींनी चहा करून दिला. काही बोलले नाहीत, भरपूर खाल्लंही नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मला तुमचा राग आला, मग गावाचा, मग त्या चालीरीतीचा, आणि मग दुसरं कुणी उरलं नाही. माझ्या पत्रातली ती गळ्याची ओळ मला आठवते. ती मी शाईने लिहिली होती आणि तुम्ही तिला वाचून दाखवलीत, आणि ती हसली. मला तो खोकला कळायला हवा होता. खोऱ्यातल्या अडाणी पोराला कळला असता. शब्दांचं मूळ शोधत मी आयुष्य घालवलं आणि माझ्या माणसांची शांतता मला वाचता आली नाही. अठरा वर्षं, अखु. बसने दोन दिवस लागतात.

पहिली बाजू मी तंबूत बसून ऐकली. आईचं गाणं, सवाल आणि जवाब दोन्ही तिनेच म्हटलेत, मध्ये मध्ये धाप लागते. शेवटचं उत्तर झाल्यावर थोडी खरखर आहे. आणि मग ती बोलते, "लुबुम, झालं तुझं. आता बंद कर. पलीकडची बाजू तुझी नाही. हात लावशील तर फटका देईन." मी बंद केलं. मग पुन्हा मागे घेतलं आणि तेवढंच ऐकलं. किती वेळा ते सांगत नाही.

यांगचेनने सुचवलं होतं की ती कानाला लावून ऐकेल आणि जसं ऐकू येईल तसं लिहील, समजो न समजो, मग मी अर्थ लावीन. तिचा हेतू चांगला होता. पण अर्थ लावायचा म्हणजे ऐकण्यासारखंच झालं. नको म्हटलं. पुस्तकात आता एक पान जवळजवळ कोरं आहे. वर एवढंच छापलंय की थांगनाक खोऱ्यातली सगळ्यात जुनी गाणी सतरा आहेत, आणि ती ऐकण्याचा लेखकाला अधिकार नाही. ल्हासाचे पंडित हसतील. हसू देत.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन खोगीरटेकडी चढलो. पलीकडे तीच मंडळी होती, आता पोक्त झालेली, काहींची नातवंडं मांडीवर. तिची मैत्रीण सांगमो होती, तिच्या दोन तरण्या मुली होत्या. माझं डोकं वर दिसलं आणि सगळे गप्प झाले. तीच शांतता, अगदी तीच. या वेळी मी त्यांचे चेहरे पाहिले. त्यात राग कुठेच नव्हता. आधीही नसणार, मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मी गवतात त्यांच्यामध्ये जाऊन बसलो. सांगमोच्या हातात यंत्र दिलं आणि म्हटलं, "दुसरी बाजू लाव. तुझ्या पोरींना शिकव. शब्द जसे आहेत तसे, एक अक्षर गिळायचं नाही."

तिने ते मांडीवर घेतलं, बटणावर बोट ठेवलं, आणि थांबली. सगळे थांबले. कुणी माझ्याकडे बघेना. मी वाट पाहत होतो की कुणीतरी खोकेल. पण तुम्ही तिथे नव्हता, आणि बाकीच्यांना वाटलं असेल की या माणसाला, आणि आज, कसं उठवायचं.

मग मीच खोकलो.

उठलो आणि टेकडी चढून अलीकडे उतरायला लागलो. निम्म्या उतारावर मागे वाऱ्यावर काहीतरी सुरू झालं. शब्द ऐकू येण्याच्या आत मी पावलं उचलली.

लुबुम